वडिलांची रात्रशाळा

वॉशिंग्टनमध्ये फिफ्थ स्ट्रीटवर, ४२० नंबरच्या घरात, हॉवर्ड विद्यापीठाचे लॉ स्कूल भरत असे. विद्यापीठाचा मुख्य परिसर दूर टेकडीवर; लॉ स्कूल मात्र खाली शहरात, कोर्टांच्या वस्तीत. संध्याकाळी सरकारी ऑफिसे सुटली की कृष्णवर्णीय कारकून, पोस्टातले नोकर, शाळामास्तर तिथे जमायचे आणि दिवेलागणीला तास सुरू व्हायचे. दिवसभर गोऱ्या साहेबाची खर्डेघाशी, रात्री करार आणि मालमत्तेचा कायदा. हॉवर्डचे लॉ स्कूल १८६९ मध्ये, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर चार वर्षांत निघाले होते. पुढची साठ वर्षे अमेरिकेतल्या काळ्या वकिलांपैकी फार मोठा वाटा असाच दिव्याच्या उजेडात शिकून बाहेर पडला.

त्यातलाच एक विल्यम ह्यूस्टन. बाप गुलामगिरीतून पळून सुटलेला. हा स्वतः युद्धखात्याच्या पेन्शन कचेरीत कारकून. रात्रीच्या वर्गात बसून वकील झाला, पुढे वॉशिंग्टनमध्ये बऱ्यापैकी जम बसवला, त्याच लॉ स्कूलमध्ये शिकवलेही. बायको मेरी सिनेटरांच्या घरच्या बायकांची केशरचना आणि शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. त्यांना एकच मुलगा, चार्ल्स. जन्म ३ सप्टेंबर १८९५.

१९२९ साली हा मुलगा त्या लॉ स्कूलचा व्हाइस-डीन झाला. पदाचे नाव व्हाइस-डीन, पण कारभार पहिल्या दिवसापासून त्याच्याच हाती. आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत, ज्या रात्रीच्या वर्गांनी वडिलांना वकील केले होते, ते त्याने बंद करून टाकले.

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या चरित्रात मी दरवेळी अडतो ते इथे. बाकी सगळे थोर माणसाच्या गोष्टीत असते तसे आहे. हे एकच तेवढे घशाखाली उतरायला वेळ लागतो. आपल्याकडे सकाळी साडेसातच्या लॉच्या तासाला बसून नंतर लोकल पकडून ऑफिस गाठणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला तर लागणारच.

हुकूम काही एकट्या ह्यूस्टन यांच्या लहरीतून निघाला नव्हता. १९२६ मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. ते सांगत की, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रँडाइस एकदा त्यांना स्पष्टच म्हणाले : ब्रीफ वाचले की ते काळ्या वकिलाने लिहिले आहे का, हे मला बहुतेक वेळा कळते, तुम्ही आधी पूर्णवेळ शिकवणारी माणसे आणा. बोल झोंबणारा होता आणि मित्राचा होता. ब्रँडाइस वंशद्वेष्टे नव्हते. त्यांचा मुद्दा एवढाच की, घटनेने दिलेले हक्क कोर्टात मागायचे तर ते मागणारा वकील समोरच्या बाजूच्या वकिलाहून काकणभर सरस पाहिजे, आणि दिवसभर राबून थकलेल्या माणसाला थकलेल्या माणसाने शिकवून तो घडत नाही.

ह्यूस्टन यांनी देशभरातल्या काळ्या वकिलांची पाहणी नुकतीच केली होती. १९३० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांची संख्या १ कोटी १८ लाखांच्या पुढे होती. वकील मात्र हजार-बाराशे, आणि तेही बहुतेक उत्तरेतल्या शहरांत. दक्षिणेत, जिथे जाच सगळ्यात जास्त, तिथे एखाद्या काळ्या माणसावर खटला झाला तर त्याच्या रंगाचा वकील कित्येक जिल्ह्यांत शोधून सापडत नसे.

आता हा माणूस इथवर आला कसा, हे थोडक्यात. वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कुलात शिक्षण, मग ॲमहर्स्ट कॉलेज, १९१५ ची पदवी, वर्गात अग्रभागी. दोन वर्षे हॉवर्डमध्ये इंग्रजी शिकवले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा काळ्या तरुणांसाठी आयोवात डे मॉइन येथे अधिकारी-प्रशिक्षणाची वेगळी छावणी निघाली. तिथून ते लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. सैन्यात खटल्यांची छाननी करण्याचे काम वाट्याला आले. पुरावा नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहून दिले तरी वरच्यांना काळ्या शिपायाला शिक्षा हवीच असे, आणि ती होई. पुढे फ्रान्सला गेले. तिथे व्हान गावात एका रात्री गोऱ्या अमेरिकी सैनिकांच्या जमावाने त्यांना आणि सोबतच्या काळ्या अधिकाऱ्यांना घेरले. अंगावर एकाच देशाचा गणवेश, शत्रू मैलोगणती दूर, आणि आपल्याच माणसांच्या हातून जीव जायची वेळ. थोडक्यात वाचले. यातून जिवंत परतलो तर कायदा शिकायचा आणि उलट हात उगारण्याची ज्यांना सोय नाही त्यांच्यासाठी तो वापरायचा, हे तिथे ठरले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

१९१९ मध्ये परत आले ते वंशदंगलींच्या उन्हाळ्यात. राजधानीतही गोऱ्यांचे जमाव रस्त्यावर होते. त्याच वर्षी हार्वर्ड लॉ स्कूल. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या संपादक मंडळावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९२२ मध्ये पदवी, १९२३ मध्ये डॉक्टरेट. डीन होते रॉस्को पाउंड, मार्गदर्शक फेलिक्स फ्रँकफर्टर. मग प्रवासी शिष्यवृत्तीवर माद्रिदला एक वर्ष, तिथली दिवाणी कायद्याची डॉक्टरेट, आणि १९२४ मध्ये घरी येऊन वडिलांच्या पाटीवर दुसरे नाव : ह्यूस्टन अँड ह्यूस्टन.

पाउंड सांगत की, कायदा समाजाच्या गरजांची बांधबंदिस्ती करतो, म्हणून वकील हा समाजाचा इंजिनिअर. हार्वर्डच्या प्रशस्त वर्गांत हा एक विचार होता. ह्यूस्टन यांनी तो फिफ्थ स्ट्रीटवर आणला आणि त्याला धार लावली. विद्यार्थ्यांना ते सांगत, वकील एकतर समाजाचा इंजिनिअर असतो, नाहीतर बांडगूळ. तिसरा प्रकार त्यांना मान्य नव्हता.

रात्रीचे वर्ग गेले. पूर्णवेळ दिवसाचे लॉ स्कूल झाले. प्रवेशाच्या अटी कडक झाल्या, ग्रंथालय वाढले, हार्वर्डमध्ये शिकलेले विल्यम हेस्टी यांच्यासारखे तरुण शिकवायला आले. १९३१ संपेपर्यंत अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता आणि लॉ स्कूलांच्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व, दोन्ही पदरात पडली. विद्यार्थीसंख्या घसरली. जुने पदवीधर चिडले. अनेकांना हा आपल्याच पदवीचा अपमान वाटला, आणि तो होताही. नोकरी सोडून तीन वर्षे दिवसा शिकणे मंदीच्या काळात कोणत्या काळ्या कुटुंबाला परवडणार होते? ह्यूस्टन यांना हे कळत नसेल असे नाही. घरचेच उदाहरण होते. तरी त्यांनी ते केले. मला वाटते, त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता की शंभर साधे वकील निघण्यापेक्षा दहा असे निघावेत की ज्यांच्या ब्रीफवरून रंग ओळखता येणार नाही. हा हिशेब पुढे बरोबर ठरला म्हणून त्या उरलेल्या नव्वदांचे काय झाले हा प्रश्न मिटत नाही.

त्या दहांतला एक बाल्टिमोरचा होता. १९३० च्या शरदात आलेला थरगुड मार्शल. गावात मेरीलँड विद्यापीठाचे लॉ स्कूल होते, पण तिथे काळ्यांना दार बंद. म्हणून पहाटे उठून चाळीस मैलांचा आगगाडीचा प्रवास, रोज जाऊन-येऊन. फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण टाकलेली. कॉलेजात टवाळ म्हणून नाव कमावलेल्या या पोराला ह्यूस्टन पहिल्याच दिवशी भेटले ते त्यांच्या ठरलेल्या स्वागतासह : उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुढच्या वर्षी यांतले किती उरतील सांगता येत नाही. मार्शलच्या वर्गात तीसच्या वर मुले होती. पदवी घेईपर्यंत बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

पोरांनी डीनला नावे ठेवली होती. ‘आयर्न शूज’ हे एक. दुसरे ‘सिमेंट पँट्स’. लोखंडी जोड्यांचा हा माणूस मुलांना घेऊन कोर्टात जाई, तुरुंगात जाई, पोलिस ठाण्यात, वेड्यांच्या इस्पितळात नेई. शिकवायला खुद्द पाउंड येत, क्लॅरेन्स डॅरो येत. डॉक्टर आपली चूक पुरून टाकतो, वकिलाची चूक मात्र कोर्टाच्या दप्तरात कायमची राहते, असे काहीसे ते सांगत. मार्शल १९३३ मध्ये पहिला आला. दुसरा आला ऑलिव्हर हिल, जो पुढे व्हर्जिनियात शाळांचे खटले लढला.

त्याच वर्षाच्या अखेरीस वर्गातले शिक्षण कोर्टात उतरले. व्हर्जिनियात लीसबर्गला जॉर्ज क्रॉफर्ड या काळ्या माणसावर दोन गोऱ्या स्त्रियांच्या खुनाचा आरोप होता. आरोपीचे वकीलपत्र ह्यूस्टन आणि त्यांच्या हॉवर्डच्या सहकाऱ्यांनी घेतले. एकही गोरा वकील बरोबर नाही. दक्षिणेतल्या त्या गावाने असे काही आधी पाहिले नव्हते. ज्यूरी सगळी गोरी. अशा खटल्याचा शेवट ठरलेला असे, आणि तोही कित्येकदा कोर्टापर्यंत पोचायच्या आधी. इथे जन्मठेप झाली. फाशी टळली हाच विजय मानायचा काळ होता. ह्यूस्टन यांनी अपील केले नाही, कारण फेरखटल्यात फाशी होण्याची भीती खरी होती आणि आपला अशील त्या वेळी गावात नव्हतोच असे जे सांगत आला होता ते खोटे निघाले होते. यावर डाव्या मंडळींनी त्यांना फैलावर घेतले. ज्यूरीतून काळ्यांना वगळण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात न्यायची संधी घालवली म्हणून. टीका अगदीच पोकळ नव्हती. पण अशील फासावर चढवून तत्त्वाचा निकाल मिळवणे ह्यूस्टन यांना जमणारे नव्हते.

एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. शाळांतल्या वेगळेपणावर खटले लढवण्यासाठी एका निधीने तिला एक लाख डॉलरचा शब्द दिला होता. शेअरबाजार कोसळला, निधीची पुंजी आटली, आणि १९३४ पर्यंत हाती राहण्यासारखे दहा हजार उरले. या दहा हजारांत काय होणार? १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की, वेगळे ठेवले तरी समान असेल तर घटनेला बाध नाही. ‘वेगळे, पण समान’. दक्षिणेतल्या राज्यांनी यातला पहिला शब्द घट्ट धरला आणि दुसरा सोडून दिला.

तो किती सोडला होता हे बघायला ह्यूस्टन मोटार घेऊन निघाले. सोबत कधी मार्शल, कधी दुसरा कोणी. मांडीवर टाइपरायटर, हातात १६ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा. साउथ कॅरोलायनातल्या शाळांची त्यांनी फिल्म काढली. एकाच जिल्ह्यातली गोऱ्यांची पक्क्या विटांची शाळा आणि काळ्यांची फळ्यांची खोली, चित्रात पाठोपाठ. वाटेत काळ्या प्रवाशाला हॉटेलात जेवण मिळत नसे, म्हणून फळांची पिशवी बरोबर. मिसिसिपीत एका ठिकाणी एक पोर त्यांच्याकडे टक लावून बघत उभे राहिले. त्याला एक संत्रे दिले. त्याने ते तसेच, सालीसकट चावले. मार्शल ही गोष्ट म्हातारपणीही सांगत : त्या पोराने संत्रे कधी पाहिलेच नव्हते.

अशा मुलांच्या शाळेपासूनच लढाई सुरू करावी असे कोणालाही वाटेल. ह्यूस्टन यांनी ती सुरू केली लॉ कॉलेजपासून. वरवर पाहता हे उफराटे. पोटाला अन्न नाही तिथे पदव्युत्तर शिक्षणाची मागणी. पण इथेच त्यांचे डीनपण कामाला आले. प्राथमिक शाळा ‘समान’ आहे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. लॉ स्कूलबाबत वादाला जागाच नव्हती, कारण दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांसाठी ते काढलेच नव्हते. जिथे एकही नाही तिथे समान काय असणार? दुसरे असे की, न्यायाधीश स्वतः लॉ स्कूलमधून आलेले. चांगले लॉ स्कूल म्हणजे काय हे त्यांना साक्षीदार आणून पटवावे लागत नाही. शिवाय मूठभर मोठी मुले एका वर्गात बसली तर गोऱ्या आईबापांच्या पोटात लहान मुलांइतका गोळा येत नाही.

आणि चौथे कारण खर्चाचे. मान्यता मिळेल असे लॉ स्कूल उभे करायला काय लागते हे देशात फार थोड्यांना ह्यूस्टन यांच्याइतके ताजे ठाऊक होते. पूर्णवेळ प्राध्यापक किती, पुस्तके किती, खोल्या किती. त्यांनी हे सगळे फिफ्थ स्ट्रीटवर एकेक करून जमवले होते. एका काळ्या विद्यार्थ्यासाठी राज्याला असे दुसरे लॉ स्कूल बांधायला लावले, मग दुसरे मेडिकल, मग इंजिनिअरिंग, तर राज्याची तिजोरीच एक दिवस म्हणेल की या पोराला आपल्या वर्गात बसू दे. गोऱ्यांच्या मनाशी वाद घालण्याऐवजी त्यांच्या वहीखात्याशी घालायचा, असा तो डाव.

पहिली पाळी मेरीलँडची, मार्शलच्या मनात सलणाऱ्या त्याच लॉ स्कूलची. डोनाल्ड मरे हा ॲमहर्स्टचा पदवीधर, म्हणजे ह्यूस्टन यांच्याच कॉलेजातला. रंगावरून अर्ज परत आला होता. विद्यापीठाचे म्हणणे, काळ्यांना परराज्यात शिकायला आम्ही शिष्यवृत्त्या देतो. किती? दोनशे डॉलरच्या पन्नास. आणि अर्जाचे नमुने नेणारे ३८०. ही तफावत कोर्टापुढे आली. १९३५ च्या जूनमध्ये बाल्टिमोरच्या न्यायाधीशांनी मरेला प्रवेश देण्याचा हुकूम काढला आणि जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने तो कायम केला. विद्यार्थ्याने गुरूला बरोबर घेऊन गावातले बंद दार उघडले.

तिकडे तो उन्हाळा. इकडे मुंबईत पहिला पाऊस, आणि त्याच जून १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. चवदार तळ्याचा दावा तेव्हा संपायचा होता. हायकोर्टाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. ह्यूस्टन मात्र नेमक्या याच सुमारास लॉ स्कूलची खुर्ची सोडून न्यूयॉर्कला एनएएसीपीचे पूर्णवेळ वकील म्हणून निघाले होते. एकाने लॉ कॉलेज हाती घेतले, एकाने सोडले. तळ्याचे पाणी आणि वर्गातला बाक, दोन्हीकडे मागणी एकच होती की सार्वजनिक म्हणजे आमचेही.

मेरीलँडचा निकाल मेरीलँडपुरता. देशभर लागू होईल असा मिळाला मिसूरीत. लॉइड गेन्स हा सेंट लुइसचा हुशार मुलगा, काळ्यांच्या लिंकन विद्यापीठाचा पदवीधर. मिसूरी विद्यापीठाच्या लॉ स्कूलने नाकारले. राज्याची ऑफर जुनीच : शेजारच्या राज्यात जा, फी आम्ही भरतो, गरज पडली तर लिंकनमध्ये लॉ स्कूल काढू. प्रकरण नोव्हेंबर १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. आदल्या दिवशी ह्यूस्टन हॉवर्डच्या वर्गात गेले, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांपुढे सगळा युक्तिवाद करून दाखवला आणि त्यांच्या उलटसुलट प्रश्नांना तोंड दिले. प्रत्यक्ष कोर्टात ते बोलायला उठले तेव्हा न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स यांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. ह्यूस्टन त्या पाठीसमोर शांतपणे बोलत राहिले. व्हानच्या त्या रात्रीनंतर खुर्चीची पाठ म्हणजे काहीच नव्हते.

१२ डिसेंबर १९३८ ला सहा विरुद्ध दोन असा निकाल आला. सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा की, दुसरे राज्य काय देते हा प्रश्नच नाही. मिसूरीने गोऱ्याला मिसूरीत जे दिले ते काळ्यालाही मिसूरीतच दिले पाहिजे.

मिसूरीने काय केले? पैसे मंजूर केले आणि १९३९ मध्ये सेंट लुइसला पोरो कॉलेजच्या इमारतीत काळ्यांचे लॉ स्कूल उघडले. पोरो कॉलेज म्हणजे केशरचना आणि सौंदर्यप्रसाधनाचे शिक्षण देणारी संस्था. ही समानता आहे का, हे विचारायला पुन्हा कोर्टात जावे लागणार होते, आणि त्यासाठी गेन्स हवा होता. गेन्स राहिलाच नव्हता. १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळी शिकागोत, पोस्टाची तिकिटे घेऊन येतो असे सांगून तो घराबाहेर पडला, तो कोणाला परत दिसला नाही. मारला गेला, की या सगळ्याला कंटाळून निघून गेला, याचा उलगडा झाला नाही. मिसूरी विद्यापीठाच्या लॉ स्कूलने त्याला मानद पदवी दिली ती २००६ मध्ये.

ह्यूस्टन तोवर एनएएसीपी सोडून वॉशिंग्टनला वडिलांच्या ऑफिसात परतले होते. गादी मार्शलकडे गेली. ही निवृत्ती मुळीच नव्हती. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या काळ्या फायरमनांना गोऱ्यांची युनियन कामावरून काढायला निघाली होती. बेस्टर स्टील हा त्यांतलाच एक. ह्यूस्टन यांनी लढवलेल्या त्याच्या खटल्यात १९४४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जी युनियन सगळ्या कामगारांच्या वतीने वाटाघाट करते तिला सभासद नसलेल्या काळ्यांनाही न्यायाने वागवावे लागेल. अमेरिकी कामगार कायद्यात हा निकाल आजही पायाचा मानतात. ह्यूस्टन सरकारच्या रोजगारविषयक समितीवरही होते. राजधानीच्या ट्राम कंपनीत काळ्यांना चालक म्हणून घेण्याच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हात आखडता घेतला तेव्हा राजीनामा दिला. १९४८ मध्ये घराच्या खरेदीखतात ‘काळ्याला विकणार नाही’ अशी अट घालण्याची चाल कोर्टाने खिळखिळी केली, त्यात वॉशिंग्टनचा खटला ह्यूस्टन यांचा.

एवढ्या मोठ्या नावांत एक गार्डनर बिशप नावाचा न्हावी आहे. वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर त्याचे दुकान. मुलगी ज्या शाळेत जायची तिथे गर्दी इतकी की मुले पाळीपाळीने बसायची, आणि गोऱ्यांच्या शाळांत वर्ग मोकळे. १९४७ मध्ये बिशपने पालकांना जमवून मुलांचा शाळेवर बहिष्कार घडवला. सुशिक्षित, सुस्थितीतल्या काळ्यांवर त्याचा राग होता. आपल्यासारख्यांना ते मोजत नाहीत अशी त्याची खात्री, आणि ती अनुभवाने आलेली. असा माणूस हार्वर्डच्या डॉक्टरकडे गेला आणि त्या डॉक्टरने फी न घेता खटले हाती घेतले. मला राहून राहून वाटते, कारकुनांची रात्रशाळा ज्याने बंद केली त्याचे काही देणे इथे फिटत होते. त्यांच्या मनात असे काही असेल याला मात्र पुरावा नाही. हा माझा भाबडेपणा समजा.

१९४९ मध्ये ह्यूस्टन यांना हृदयविकाराचा झटका आला. बिशप आजाऱ्याच्या खाटेशी गेला तेव्हा ह्यूस्टन यांनी त्याला हॉवर्डचे प्राध्यापक जेम्स नेब्रिट यांच्याकडे जायला सांगितले. २२ एप्रिल १९५० ला ते गेले. वय ५४. मुलगा सहा वर्षांचा होता. बापाने तुला टाकले नाही, लढता लढता पडला, अशा अर्थाचा निरोप त्याच्यासाठी एका पुस्तकाच्या पानावर लिहून ठेवला होता.

सहा आठवड्यांनी, ५ जूनला, टेक्ससच्या खटल्याचा निकाल लागला. हरमन स्वेट हा पोस्टमन. गाव ह्यूस्टन, या नावाचा आपल्या ह्यूस्टनांशी संबंध नाही. त्याला गोऱ्यांच्या लॉ स्कूलमध्ये येऊ द्यायचे नाही म्हणून टेक्ससने घाईघाईने काळ्यांचे वेगळे लॉ स्कूल उभे केले होते. कोर्टाने दोन्हींची मोजदाद केली. एकीकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० पुस्तके. दुसरीकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, १६,५०० पुस्तके. मग सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी मोजता न येणाऱ्या गोष्टी काढल्या : प्राध्यापकांची कीर्ती, माजी विद्यार्थ्यांचे वजन, समाजातली पत. पुस्तके विकत घेता येतात, या गोष्टी घेता येत नाहीत. स्वेटला प्रवेश मिळाला. तब्येत ढासळली, अभ्यास झेपला नाही, पदवी न घेताच तो बाहेर पडला.

नेब्रिट बिशपच्या मुलांचे वकील झाले. आम्हाला तितकीच चांगली वेगळी शाळा द्या, हे मागणे त्यांनी टाकून दिले. वेगळेपणच काढा, एवढेच मागितले. हे प्रकरण आणि मार्शल लढवत असलेली चार राज्यांतली प्रकरणे डिसेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकत्र सुनावणीला आली. सगळ्यांचा निकाल १७ मे १९५४ ला, एकमताने, शाळांतल्या वेगळेपणाच्या विरोधात. काळ्या मुलांच्या बाजूने जे दोन डझन वकील लढले त्यांतल्या दोघांनाच ह्यूस्टन यांचा हात लागला नव्हता, असे मार्शल पुढे एका भाषणात म्हणाले.

त्या डिसेंबरच्या सुनावणीच्या आधी मार्शल आणि मंडळी हॉवर्डला गेली. लॉ स्कूलच्या खोलीत टेबल मांडले होते. प्राध्यापक न्यायमूर्ती होऊन बसले, मागे विद्यार्थ्यांची गर्दी. मार्शल उठले, कोर्टात म्हणतात तसे ‘आपली आज्ञा असेल तर’ म्हणून सुरुवात केली, आणि पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत समोरून प्रश्न आला.